वाढत्या अंगाची सायकल

मनीषनगरात मी बावीस वर्षं शाळेचे युनिफॉर्म शिवते, आणि माझ्या दुकानातून गेलेला एकही कपडा आजवर कोणाला आखूड झालेला नाही. हे मी गर्वानं सांगते, कारण गर्व करण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही. आई पोराला घेऊन येते, पोर टेबलासमोर उभं राहतं, आणि मी टेप लावायच्या आधीच आई म्हणते, "हर्षाताई, वाढत्या अंगाचा आहे बरं." मग मी बाहीत दोन इंच, सलवारीत तीन इंच कापड आत दुमडून ठेवते. पोर वाढलं की टीप उसवायची आणि कापड खाली सोडायचं. एका ड्रेसवर तीन वर्षं निघतात. ज्याला हे पटत नाही त्यानं मॉलमध्ये जावं आणि दर जूनमध्ये नवं बिल भरावं.

तर अशा बाईच्या मुलीला सायकल घ्यायची होती.

सायकल नव्हती असं नाही. अपेक्षाकडे पुढे टोपली असलेली, मागे कॅरिअर असलेली, चांगली गुलाबी सायकल होती. अकरावीत गेल्यापासून ती तिच्यावर कॉलेजला जायची, आणि रोज सकाळी वर्धा रोडवर एका सरांच्या ग्रुपबरोबर प्रॅक्टिसला. त्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या सायकली पातळ चाकांच्या, वाकड्या हँडलच्या. मध्ये आमची टोपली. एकदा मी सकाळी सहाला दूध आणायला निघाले तर हा सगळा घोळका समोरून गेला. माझी पोरगी चौथी का पाचवी होती आणि तिच्या मागे दोन पातळ चाकवाली पोरं धापा टाकत होती. मी दूध न घेताच घरी आले. मला इतका आनंद झाला होता की कशाला निघाले होते तेच विसरले.

पुढच्या आठवड्यात सर दुकानात आले. म्हणाले, "ताई, पोरीच्या पायात दम आहे, सायकलीत नाही. तीन आठवड्यांनी रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी आहे. अठराच्या खालच्या मुली, रामटेक रोडवर पंधरा किलोमीटर. पहिल्या चार राज्याच्या स्पर्धेले जातील. हिले रोड बाईक घेऊन द्या, ही चारात येते."

"कितीची येते?"

"सुरुवातीची घ्या ना, बजेटमधली."

"बजेटमधली म्हणजे कोणाच्या?"

सर हसले आणि पंचवीस-तीस हजार म्हणाले. मी म्हटलं, एवढ्यात सेकंडहँड स्कूटी येते. सर म्हणाले, "येते ताई, पण स्कूटीवर शर्यतीत घेत नाही." जूनच्या सीझनचे अठ्ठावीस हजार बाजूला होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण पाय पोरीचे असले की अंथरुणच जरा ओढावं लागतं. रात्रभर विचार करून सकाळी मी अपेक्षाला हो म्हटलं. तिनं माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि गठ्ठाभर कॉलर स्वतः दाबून दिल्या.

सदर भागातल्या सायकलच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मी, अपेक्षा, आणि माझे सासरे बापूजी. बापूजी रामटेकजवळच्या गावाहून खास आले होते, कारण त्यांच्या मते घरात चाकाची कोणतीही वस्तू त्यांच्याशिवाय येऊ शकत नाही. आयुष्यभर बैलजोड्या पारखलेला माणूस. माझे यजमान ऋषिकेश ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतात, त्यांना सुट्टी नव्हती. आम्ही निघताना त्यांनी दोनच शब्द सांगितले, "मापाची घेजो." मला! बावीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरणाऱ्या बाईला!

दुकानदार विक्की तिशीचा, हसरा आणि बोलघेवडा. मला पाहताक्षणी "या काकू" म्हणाला. तिथंच माझ्या मनातून निम्मा उतरला. त्यानं तीन सायकली काढल्या. पहिली अठरा हजारांची, लोखंडी; उचलून पाहिली तर आमच्या गुलाबीच्या मावशीसारखी वाटली. तिसरी साठ हजारांची; तिच्याकडे मी पाहिलंच नाही, उगाच पाहण्याचे पैसे पडायचे. मधली अठ्ठावीस हजार पाचशेची. अॅल्युमिनियमची, निळी, गिअर ब्रेकच्याच मुठीत. विक्कीनं ती दोन बोटांनी उचलून दाखवली.

बापूजींनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, सीटखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हिचा स्टँड कुठं हाय गा?"

"बाबा, रोड बाईकले स्टँड राहत नाही."

"मंग उभी कशी राह्यते?"

"भिंतीले टेकवायची."

"म्हातारं जनावर भिंतीले टेकते. नवं घेऊन कायले टेकवता?"

विक्कीनं वजनाची गोष्ट समजावून सांगितली. बापूजींनी ती ऐकली आणि मडगार्ड कुठं हाय ते विचारलं. ते चालू असताना मी माझं काम केलं. नळ्यांच्या जोडांवरून बोट फिरवलं; टीप एकसारखी होती, कुठे गाठ नाही की गॅप नाही. ब्रेक दाबले. गिअर बदलायला लावले. अठरावालीत गिअरचे खटके दांडीवर होते, म्हणजे दरवेळी हात खाली न्यायचा. मी म्हटलं, पोरगी जोरात असताना हात कायले सोडेल? विक्की म्हणाला, "क्या बात है काकू, हे तं मोठेमोठे नाही पाहत." मला बरं वाटलं, उगाच कशाला नाकारू. भावात घासाघीस करून मी ती सत्तावीस हजार पाचशेवर आणली आणि पाचशेत हेल्मेट मिळवलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. इथपर्यंत माझ्याइतकी शहाणी बाई सदरमध्ये त्या दिवशी दुसरी नव्हती.

मग विक्कीनं विचारलं, "बेटाची हाइट किती?"

"पाच एक," अपेक्षा म्हणाली.

"मग तुले अठ्ठेचाळीस लागेल." सायकलीच्या सांगाड्याचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, असं त्यानं मला सांगितलं. अठ्ठेचाळीस, बावन्न, चोपन्न. माणसाच्या उंचीप्रमाणे.

"चोपन्नची किंमत?"

"सेम."

"सेम म्हणजे? धातू जास्त लागतो ना तिच्यात?"

"कंपनीच तसे भाव ठेवते काकू."

आता तुम्हीच सांगा. आमच्या धंद्यात बत्तीस नंबरचा शर्ट आणि चाळीस नंबरचा शर्ट एका भावात दिला तर महिन्याभरात दुकानाला कुलूप. इथं मोठी वस्तू लहानीच्या किमतीत मिळत होती आणि हा मला लहान घे म्हणत होता. शिवाय माझी उंची पाच फूट आठ इंच. माहेरी सगळे असेच. मी स्वतः एकोणीस वर्षांची होईपर्यंत वाढत होते. माझ्या लग्नाच्या फोटोत ऋषिकेशना पाटावर उभं केलंय, कोणाला सांगू नका. ही तर सोळाचीच. माझी पोरगी आहे, वाढणार नाही तर जाईल कुठे?

"चोपन्न द्या," मी म्हटलं.

"आई, मले लहानच बरी वाटते," अपेक्षा हळूच म्हणाली.

"तुले काय समजते वं? दोन वर्षांत आखूड होईल, मंग?"

विक्की म्हणाला, "काकू, सायकल म्हणजे चप्पल है. मोठी घेतली तं पायातून निघून जाते."

"बूट मी हिले कायम दोन नंबर मोठेच घेते. पुढं कापूस भरते."

विक्कीनं चोपन्न काढली. बापूजी काहीतरी पुटपुटले की जू खांद्यावर बसते का ते आधी पाह्य. मी ऐकलं नाही. अपेक्षा चोपन्नवर बसली. सीट तळाला नेली तेव्हा कुठे तिचे चवडे पेडलला नीट लागले. हँडलला हात पोचवायला ती इतकी पालथी झाली की पोहायला निघाल्यासारखी दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मला वाटलं, आनंदानं लाजली.

संध्याकाळी गल्लीत पूजा झाली. बापूजींनी हँडलला झेंडूचा हार घातला, सांगाड्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि नारळ हातात घेऊन समोर उभे राहिले. शेजारपाजारचे दहाबारा लोक जमले. विधी असा की नवी गाडी लिंबं चिरडत पुढे जाते. अपेक्षानं पेडल मारलं, चाक लिंबावर चढलं, सायकल थबकली, तिनं आधाराला पाय खाली सोडला आणि तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही. ती सायकलीसकट बापूजींच्या अंगावर गेली. नारळ फुटला तो तिथंच. बापूजींना खरचटलं, ब्रेकची मूठ घासली गेली, लिंबू मात्र जसंच्या तसं गडगडत शेजाऱ्यांच्या फाटकाखाली गेलं.

"जनावर अंगावर आलं," बापूजी धूळ झटकत म्हणाले. "तिले झेपून नाही राह्यलं पोरी."

"सवय होईल," मी म्हटलं.

पुढचे दहा दिवस ती रोज सकाळी त्या सायकलवर जायची आणि मान धरून परत यायची. मी हार मानणारी नव्हे. अंगाला न बसणारा कपडा म्हणजे वाया गेलेला कपडा नव्हे, तो आल्टर करता येतो, हे तर माझं पोट आहे. विक्कीकडून हँडलची लहान दांडी बसवून घेतली. तरी हात ताणलेलेच. मग जुन्या स्लिपरचे तुकडे कापून पेडलवर शिवले. हो, शिवले, पेडलला भोकं असतात, जाड सुईनं दोरा जातो. दुसऱ्याच दिवशी सरांनी ते काढायला लावले आणि मला निरोप पाठवला की चपला दारात काढतात, पेडलवर नाही. वर हेही कळवलं की नव्या सायकलवर अपेक्षाचा टाइम टोपलीपेक्षा दीड मिनिटानं जास्त येतोय.

चाचणीच्या आधीच्या सोमवारी मी दुकान उघडायला निघाले तर अपेक्षा गुलाबी सायकल काढत होती. निळी भिंतीला टेकलेली.

माझा पारा चढला. "अठ्ठावीस हजार भिंतीले टेकवून टोपलीवर कुठं चालली?"

"आई, ते मले मोठी होते."

"वाढशील ना वं!"

"कधी वाढीन? रविवारी चाचणी आहे."

मी म्हटलं, थांब, तुला दाखवते. घरात गेले, लोखंडी कपाट उघडलं आणि तिच्या आठवीतल्या युनिफॉर्मची सलवार शोधून काढली. माझ्या हातची. तीन वर्षं घातलेली. ती किती खाली सोडावी लागली ते तिच्या तोंडासमोर धरणार होते, म्हणजे वादच मिटला असता. सलवार उलटी केली. खालची तीन इंचांची दुमड जशीच्या तशी होती. टीपही माझीच, पहिली, तेराव्या वर्षी घातलेली. बाहेरचं कापड धुऊन धुऊन पांढरट झालं होतं आणि आतलं दुकानातून आणल्यासारखं गडद निळं होतं. ते कधी उसवलंच नव्हतं. उसवायची वेळच आली नव्हती.

मी पलंगावर बसले. तीन वर्षं ही मुलगी माझ्यासमोर जेवत होती, माझ्या दुकानात काजं-बटणं करत होती, आणि मी रोज शंभर पोरांची मापं घेणारी बाई. गावातल्या प्रत्येक पोराचं वाढणं मला पाठ होतं, आणि माझं पोर वाढायचं थांबलंय ते मला दिसलं नाही. मला रडू आलं. उंचीसाठी नाही. उंच असून मी काय मोठे दिवे लावले? ती केव्हा पूर्ण झाली ते मी पाहिलंच नाही, याचं वाईट वाटलं.

ऋषिकेश दारात उभे होते. पाच फूट तीन इंच. "ते माझ्यावर गेली," ते म्हणाले. "म्हणून तं म्हटलं होतं, मापाची घेजो."

"तुम्ही महिन्यातून दोन शब्द बोलता. त्यातलेही मीच लक्षात ठेवायचे का?" असं म्हणून मी तोंड धुतलं आणि सायकल ऑटोत घालून सदरला गेले.

विक्कीनं घासलेली मूठ पाहिली आणि मान हलवली. वापरलेली परत घेता येत नाही. मी बरीच बडबड केली. शेवटी तो म्हणाला, "एक करू शकतो काकू. गाडी इथं ठेवा. चोपन्नचं गिऱ्हाईक आलं तर हीच दाखवतो, हजार-दीड हजार कमी करून. विकली का तुम्ही अठ्ठेचाळीस घेऊन जा."

"अठ्ठेचाळीस संपली तर?"

"ते कुठं संपते! तीन पीस आठ महिन्यांपासून पडून आहे. सगळे मोठीच नेतात, भाव सेम है म्हणून."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी आणि अपेक्षा विक्कीकडे जाऊन बसायचो. उंच माणूस रस्त्यानं जाताना दिसला की मला त्याला आत ओढावंसं वाटायचं. एक तर चक्क आत आला, सहा फुटी. त्याला पंक्चर काढायचं होतं. शुक्रवारी सर म्हणाले की उद्यापर्यंत सायकल हातात आली तर ठीक, नाहीतर टोपलीवर पळवू आणि सातवी-आठवी येऊ. अपेक्षा हो म्हणाली. तिचं ते "हो" मला दिवसभर टोचत होतं.

त्याच संध्याकाळी एक गृहस्थ आले. नाव देवराव, रामटेकचे, तांदळाचे व्यापारी, खिशाला दोन पेनं. बरोबर त्यांची मुलगी गार्गी, अपेक्षाच्याच वयाची आणि अपेक्षापेक्षा अर्धा इंच कमीच. देवरावांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "रविवारी पोरगीची चाचणी आहे आमच्या रोडवर. मित्राची सायकल मागून प्रॅक्टिस केली, तो आता देऊन नाही राहिला. एक दाखवा बजेटमधली."

अपेक्षानं माझ्या कानात सांगितलं, "हे तेच गार्गी. सर म्हणतात ना, रामटेकची पोरगी भारी आहे म्हणून, ते."

विक्कीनं माप विचारायच्या आधीच देवराव भाव विचारून मोकळे झाले आणि मग म्हणाले, "सेम? मंग मोठीच द्या ना भाऊ. वाढत्या अंगाची आहे."

विक्कीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

तो माझी निळी सायकल घेऊन आला. "ही पाहा, थोडी वापरलेली, पण दीड हजार कमी." देवराव खूश. फक्त पाच मिनिटं गप्प बसायचं होतं. आमची चोपन्न जाते, आम्हाला अठ्ठेचाळीस मिळते, वर रामटेकची भारी पोरगी रविवारी माझ्या चोपन्नवर पोहत येते. देवानं पानात वाढून ठेवलं होतं, फक्त तोंड जेवायपुरतं उघडायचं होतं. मी पदराचं टोक दातात धरलं.

गार्गी सायकलवर चढली. सीट खाली, आणखी खाली. चवडे कसेबसे टेकले. हँडलला हात लावायला ती पालथी झाली. मग तिनं बापाकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

ती मान मी ओळखत होते. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच फरशीवर मी ती पाहिली होती आणि पोरगी लाजली समजून पैसे मोजले होते.

"अहो, उतरवा तिले खाली!" मी ओरडले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. "दिसत नाही का तुमाले? पोरगी जेवढी आहे तेवढीची घ्या! वाढायची तेव्हा वाढेल, शर्यत परवा आहे!"

देवराव चमकले. "ताई, तुमी कोन?"

"ह्या सायकलीची मालकीण."

"मंग आपलीच वस्तू विकाले ठेवून आपणच नावं ठेवता?"

"मीच तर घेतली ना ही चूक करून! अठ्ठावीस हजार घातले, पोरीची मान आखडली, सासऱ्याचा गुडघा फुटला. तुमाले फुकटात सांगून राहिली तं ऐका." मी गळ्यातला टेप काढला. तो कायम तिथंच असतो. गार्गीच्या पायाची आतली लांबी घेतली, हाताची घेतली, आणि विक्कीला म्हटलं, "काढ अठ्ठेचाळीस." गार्गी तिच्यावर बसली. दोन्ही पाय बरोबर, कोपर जरासं वाकलेलं, पाठ सैल. पोरगी हसली. देवरावांनी सहा हजारांचे बूट, हातमोजे आणि हेल्मेटही घेतलं आणि निघताना मला हात जोडले.

ते गेले. निळी चोपन्न तिथंच उभी होती, म्हणजे भिंतीला टेकलेली. मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता आणि तो धोंडा पोरीच्या पायावर पडला होता. अपेक्षाकडे पाहायची मला हिंमत होईना.

विक्की बराच वेळ कॅल्क्युलेटर दाबत होता. मग म्हणाला, "आठ महिन्यांत अठ्ठेचाळीस गेली नव्हती काकू. तुमी दहा मिनिटांत घालवली, तेही फुल रेटमध्ये. तुमची चोपन्न मी ठेवतो, बदल्यात तुमी अठ्ठेचाळीस न्या. दोन हजार कापीन."

"एक."

"दीड. आणि रविवारनंतर कधीमधी टेप घेऊन येत जा."

असं करून अपेक्षाला तिच्या मापाची सायकल मिळाली. शनिवारी सकाळी ती प्रॅक्टिसहून आली तेव्हा तिनं मान धरलेली नव्हती.

रविवारी रामटेक रोडवर भाताच्या शेतांवर अजून धुकं होतं. एकेक मिनिटानं एकेक मुलगी सोडत होते. अपेक्षा अशी सुटली की ऋषिकेश चक्क ओरडले, आणि तेही तीन शब्द. ती परत येताना लांबून दिसली तेव्हा सायकल कुठे संपते आणि पोरगी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. अंगाला बसलेल्या ब्लाउजसारखी दिसत होती. मला वाटलं, झालं, चारात आली.

ताडपत्रीखालच्या टेबलावरून एकानं यादी वाचली. चौथी, गार्गी, सत्तावीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद. पाचवी, अपेक्षा, सत्तावीस मिनिटं त्रेचाळीस सेकंद.

दोन सेकंद. एवढ्या वेळात मला सुईत दोराही ओवता येत नाही.

गार्गी चोपन्नवर असती तर दीड मिनिट मागे राहिली असती. हे गणित मला कोणी समजावायची गरज नव्हती. आणि देवराव संत्रा बर्फीचा डबा घेऊन तरातरा माझ्याकडेच आले. "ताई, तुमच्यामुळे! तुमी नसत्या बोलल्या तं माझ्या पोरगीचं काही खरं नव्हतं. घ्या, आधी तुमी घ्या." मी बर्फी तोंडात घातली. 

अपेक्षा रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसून पाणी पीत होती. डोळे लाल होते. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. 

"माझ्या तोंडानं तुहा घात केला वं," मी म्हटलं. "शुक्रवारी पाच मिनिटं गप्प राहिली असती तं आज तू चौथी होती."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. "तू कुठं लवकर बोलली? मी केव्हाची वाट पाहून राहिली होती. तू आणखी थोडी थांबली असती तं मीच ओरडणार होती."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. सोळा वर्षं मी तिच्यात माझी उंची शोधत होते. आणि हे एवढं मोठं तोंड माझंच होतं, तिच्या चेहऱ्यावर, तेही पूर्ण वाढलेलं.

ती उठली, देवरावांच्या डब्यातून तिनं दोन बर्फ्या उचलल्या, एक गार्गीला दिली आणि तिला सांगितलं की वळणावर ती ब्रेक फार लवकर लावते.